एकच प्रसंग पुन्हा पुन्हा: कथनशैली शिकण्याची एक रीत

कथनशैलींची माहिती मिळवणे अवघड नाही. प्रथमपुरुषी निवेदन, तृतीयपुरुषी निवेदन, सर्वज्ञ निवेदक, संज्ञाप्रवाह ही नावे साहित्याच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतात आणि तासाभरात पाठही होतात. अडचण येते ती प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर, कारण तेव्हा ठरवायचे असते ते वेगळेच: प्रसंगातले काय कोणाला ठाऊक आहे, आणि त्यातले किती वाचकाला केव्हा कळू द्यायचे. हे हातालाच कळावे लागते. त्यासाठी माझ्या अनुभवातली सर्वांत भरवशाची रीत म्हणजे एक छोटा प्रसंग निवडणे आणि तो वेगवेगळ्या निवेदकांकडून पुन्हा पुन्हा सांगून घेणे.

प्रसंगाची निवड

प्रसंग दोन-तीन पात्रांचा आणि दहा-पंधरा मिनिटांत आटोपणारा असावा. त्यात एक तरी गोष्ट अशी हवी, की जी एका पात्राला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक असलेला प्रसंग कोणीही सांगितला तरी जवळजवळ सारखाच उतरतो, आणि मग निवेदक बदलल्याने नेमके काय बदलले हे दिसत नाही.

या लेखापुरता आपण असा प्रसंग घेऊ. नऊ वर्षांच्या नीरजने दुपारी घरात एकटा असताना भिंतीवरचे किल्लीचे घड्याळ उतरवून उघडले. परत जोडताना एक स्क्रू उरला आणि घड्याळ चालेनासे झाले. त्याने ते तसेच खिळ्याला अडकवले आणि स्क्रू मुठीत लपवला. संध्याकाळी आई कामावरून आली, दारात क्षणभर थांबली, काही न बोलता आत गेली, आणि थोड्या वेळाने तिने आतूनच विचारले, "किती वाजले रे?" प्रसंग इथे संपतो. आईला कळले आहे की नाही, हे नीरजला ठाऊक नाही. तो कबूल करील की नाही, हे आईला ठाऊक नाही.

आपण निवडलेला प्रसंग आधी सुचेल तसा, न थांबता एका बैठकीत लिहून काढावा आणि मग त्यात आपोआप आलेला निवेदक कोण आहे ते पाहावे. बहुतेक लिहिणाऱ्यांचा हात एकाच ठरावीक निवेदकाकडे वळत असतो आणि ते त्यांच्या लक्षातही आलेले नसते. हा पहिला खर्डा फेकू नये. पुढचे सर्व खर्डे त्याच्या शेजारी ठेवून वाचायचे आहेत.

'मी' म्हणणारा निवेदक

त्यानंतरचा खर्डा नीरजच्या तोंडून लिहावा:

"आई दारात थांबली. मी भिंतीकडे पाहिलं नाही. मी पाहिलं असतं, तर तिनेही पाहिलं असतं. मूठ इतकी घट्ट मिटली होती, की स्क्रूचे आटे तळहातात रुतत होते."

या चार वाक्यांत भीती हा शब्द आलेला नाही, तरी ती तळहातापर्यंत पोचते. प्रथमपुरुषी निवेदनाचे बळ ते हेच. त्याची किंमतही लगेच मोजावी लागते. 'टिकटिक थांबल्याचे आईच्या लक्षात आले' हे साधे वाक्य नीरज लिहू शकत नाही; आई थांबली एवढेच तो सांगू शकतो, आणि ती का थांबली याचा तर्क करू शकतो. म्हणून या खर्ड्याचे प्रत्येक वाक्य तपासताना एकच प्रश्न विचारावा: हे याला कसे कळले? माझ्या सुरुवातीच्या एका कथेत 'मी' म्हणणारा निवेदक ऐन महत्त्वाच्या घटनेच्या वेळी शेजारच्या खोलीत गाढ झोपलेला होता, आणि तरी त्या घटनेचे तो दीड पान वर्णन करीत होता. कथा वाचून परत करणाऱ्याने समासात फक्त "झोपेत?" एवढेच लिहिले होते. तो धडा पुढे विसरता आला नाही.

यानंतर एक गोष्ट ठरवावी लागते, आणि बहुतेक लोक ती ठरवतच नाहीत. हा 'मी' बोलतो आहे तो केव्हा? त्याच रात्री अंथरुणात पडल्या पडल्या, की चाळीस वर्षांनी? नऊ वर्षांच्या मुलाला स्क्रूचे आटे जाणवतील. पन्नाशीच्या माणसाला आईने तेव्हा न विचारलेला प्रश्न जाणवेल. एकाच 'मी'मध्ये अनुभवणारा आणि आठवणारा असे दोघे असतात, आणि त्यांच्यातले अंतर खर्डाभर सारखे राहिले पाहिजे किंवा जाणूनबुजून बदलले पाहिजे. मुलाच्या आवाजात मध्येच प्रौढ माणसाचे शहाणपण आले, की वाचकाला लेखक दिसू लागतो.

त्याच 'मी'ला खोटे बोलायला लावून आणखी एक खर्डा करावा. समीक्षक वेन बूथ यांनी 1961 साली अशा निवेदकाला 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा दिली. हा प्रकार मोहात पाडणारा आहे आणि सर्वाधिक फसणाराही आहे, कारण निवेदकाने नुसते खोटे सांगितले तर वाचकाला ते खरेच वाटेल. खोट्यातून सत्य गळेल अशी एखादी फट ठेवावी लागते, आणि ती फट आपण ठेवली आहे हे निवेदकाला कळता कामा नये. उदाहरणार्थ:

"घड्याळ आपोआप बंद पडलं असणार. जुनंच होतं ते. मी हातसुद्धा लावला नाही. आत चार चाकं असतात, त्यातलं सगळ्यांत लहान चाक फार सैल बसतं, त्यामुळे असं होत असेल."

चौथे वाक्य लिहिताना नीरजला वाटते आहे, की आपण बाजू भक्कम केली.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक बंधनही आहे. इंग्रजीत 'मी' कितीही पाने स्त्री की पुरुष हे न सांगता बोलू शकतो. मराठीत 'मी थांबलो' की 'मी थांबले' हे पहिल्या अकर्मक क्रियापदालाच सांगावे लागते. लपवायचेच असेल तर 'मी पाहिलं', 'मी विचारलं' अशा सकर्मक भूतकाळाचाच आधार घेत राहावे लागते आणि ते फार काळ निभत नाही. या बंधनाचा फायदाही होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी यमू या मुलीच्या तोंडून सांगितली, तेव्हा पुरुषाने घेतलेला तो आवाज मराठीच्या क्रियापदांनीच पानोपानी बाईचा करून ठेवला. दुसऱ्या लिंगाच्या व्यक्तीच्या तोंडून लिहिण्याचा सराव मराठीत म्हणूनच विशेष उपयोगी पडतो. क्रियापद लिहिताना दर वेळी आपण कोण आहोत याची आठवण होते.

'तो' आणि 'ती'

तृतीयपुरुषी निवेदन हा एक प्रकार मानला जातो, पण प्रत्यक्षात त्यात निदान दोन वेगळे निवेदक दडलेले असतात. पहिला सर्वज्ञ. तो कोणाच्याही मनात जाऊ शकतो, मागचे-पुढचे सांगू शकतो आणि हवे तर स्वतःचे मतही देऊ शकतो:

"आईने काही पाहिले नाही, असे नीरजला वाटत होते. तिने काही पाहिले नव्हते हे खरेच होते. तिने ऐकले होते. अकरा वर्षे त्या घरात अखंड चाललेली टिकटिक आज नव्हती."

नीरजला आयुष्यभर न कळणारी गोष्ट इथे वाचकाला दोन ओळींत कळली. मात्र त्याच क्षणी त्याची भीती थोडी निवली, कारण आता आपण त्याच्या बाजूला नसून दोघांच्या वर कोठेतरी आहोत. सर्वज्ञ निवेदकाला जुनाट समजून टाळण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्या किंवा एखादे अख्खे गाव सांगायचे असेल, तर दुसरा कोणी निवेदक ते ओझे पेलू शकत नाही.

दुसरा निवेदक मर्यादित दृष्टीचा. तो 'नीरज' आणि 'तो' असेच म्हणतो, पण नीरजच्या डोळ्यांना दिसेल तेवढेच सांगतो. फ्रेंच अभ्यासक झेरार झेनेत यांनी 1972 मध्ये मांडलेला एक भेद इथे फार कामाला येतो: बोलतो कोण आणि पाहतो कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. या खर्ड्यात बोलणारा निवेदक आहे, पाहणारा मुलगा आहे. आपण त्याच्या डोळ्यांतून बाहेर तर पडलो नाही ना, हे तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे 'नीरज' आणि 'तो' यांच्या जागी 'मी' घालून वाचणे. 'नीरजचा चेहरा पांढराफटक पडला' हे वाक्य 'माझा चेहरा पांढराफटक पडला' असे केले की लगेच खटकते. आपला चेहरा आरशाशिवाय कोणाला दिसतो?

ही अदलाबदल केवळ सरावापुरती नाही. काफ्काने 'द कासल' ही कादंबरी प्रथमपुरुषी लिहायला घेतली होती आणि पुढे हस्तलिखितातला 'मी' बदलून 'के.' हे नायकाचे नाव घातले. दोस्तोयेव्हस्कीने 'क्राइम अँड पनिशमेंट' आधी खुन्याच्या कबुलीजबाबाच्या रूपात लिहिली होती. 1865 मध्ये तो खर्डा जाळून त्याने नव्याने तृतीयपुरुषी लेखन सुरू केले. अशा लेखकांनाही निवेदक पहिल्या प्रयत्नात सापडला नाही, याचा नवोदिताला थोडा दिलासा वाटायला हरकत नाही.

मराठीने दिलेली हत्यारे

मर्यादित निवेदनाची सर्वांत सूक्ष्म तऱ्हा अशी, की पात्राचे विचार 'असे त्याला वाटले' ही जोड न देता थेट निवेदनात मिसळायचे:

"आई दारात थांबली. का थांबली ती? घड्याळाकडे बघतेय की काय? छे, पिशवी खाली ठेवत असेल. नीरजने मूठ पाठीमागे नेली."

पहिले आणि शेवटचे वाक्य निवेदकाचे, मधली तीन नीरजची. सीमारेषा कोठेही आखलेली नाही. या बाबतीत मराठी मुळातच सैल आहे. 'मी येतो असे तो म्हणाला' या वाक्यात दुसऱ्याचे बोलणे सांगतानाही त्याचा 'मी' आणि त्याचा वर्तमानकाळ जसाच्या तसा राहतो, त्यामुळे निवेदकाच्या आवाजातून पात्राच्या आवाजात शिरायला उंबरठा ओलांडावा लागत नाही.

त्याशिवाय आपल्याकडे क्रियापदांची दोन रूपे आहेत. लेखी मराठीतले 'थांबले, पाहिले, सांगितले' आणि बोलीतले 'थांबलं, पाहिलं, सांगितलं'. संपूर्ण निवेदन पहिल्या रूपात असताना मध्येच एखादे वाक्य दुसऱ्या रूपात आले, तर कोणतीही खूण न करता वाचकाला कळते की आता पात्र बोलते आहे. पण ही दोन रूपे निष्काळजीपणे मिसळली, तर तेच हत्यार बोथट होते. माझ्या पाहण्यातल्या नवोदितांच्या हस्तलिखितांत ही सरमिसळ हेतूपेक्षा अनवधानानेच अधिक झालेली असते, म्हणून एक खर्डा केवळ या एका गोष्टीसाठी, हातात लाल पेन घेऊन वाचावा.

सर्वनामही असेच बोलके असते. नीरजच्या नजरेतून आई 'ती' असते. तीच बाई तिच्या कचेरीतल्या धाकट्या सहकाऱ्याच्या नजरेतून 'त्या' होते. निवेदकाने 'ती' ऐवजी 'त्या' लिहिले, की तो कोठे उभा आहे, किती जवळ आहे आणि वयाने कोण मोठे आहे, हे एका अक्षरात ठरून जाते. कथेच्या मध्यावर 'त्या'ची 'ती' होऊ देणे हे नात्यातला बदल सांगण्याचे फार नेमके साधन आहे.

आणि रीतिभूतकाळ. 'आई रोज रात्री घड्याळाला किल्ली देई. देताना वेढे मनात मोजी, आणि मग उगीचच काचेवरून हात फिरवी.' या दोन वाक्यांत अकरा वर्षांच्या रात्री मावल्या. वारंवार घडणारे असे थोडक्यात सांगून, मग साध्या भूतकाळात 'त्या संध्याकाळी ती दारात थांबली' असे म्हटले, की सारांश संपून प्रसंग सुरू झाल्याचे वाचकाला कानानेच कळते. बोलण्यातून हा काळ जवळजवळ गेला आहे, म्हणून तो जपून वापरावा लागतो; पानभर 'येई, जाई, बसे' झाले तर कथेला धूळ चढते.

वर्तमानकाळी निवेदनाबद्दल थोडक्यात. 'आई दारात थांबते' असे लिहिले की प्रसंग डोळ्यांसमोर घडू लागतो हे खरे, पण निवेदकाला मागे वळून पाहण्याची सोय उरत नाही, आणि लांबच्या मजकुरात ते नाटकातल्या रंगसूचनांसारखे वाटू लागते. छोट्या खर्ड्यासाठी वापरून पाहावे. द्वितीयपुरुषी, 'तू मूठ मिटतोस' या प्रकारचे निवेदनही एकदा करून पाहावे. ते बहुधा पाऊण पानात दमते.

इतर वाटा

पत्र आणि रोजनिशी या रूपांत लिहिताना दोनच गोष्टी सांभाळायच्या. पत्र कोणाला लिहिले आहे यावर त्यातले सर्व काही ठरते. नीरज हाच प्रसंग मित्राला लिहील तेव्हा तो पराक्रम असेल, आजोबांना लिहील तेव्हा अपघात. आणि रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्याचे ठाऊक नसते, हे लेखकाने विसरायचे नाही.

संज्ञाप्रवाह हा शब्द साहित्यात मानसशास्त्रातून आला. विल्यम जेम्स यांनी 1890 साली मनाच्या सलग वाहण्याला नदीची उपमा दिली, आणि विसाव्या शतकात कादंबरीकारांनी ती कल्पना उचलली, मराठीत बा. सी. मर्ढेकरांची 'रात्रीचा दिवस' ही 1942 मधली कादंबरी त्या वाटेवरची ठळक खूण आहे. या खर्ड्यात विरामचिन्हे काढून टाकली म्हणजे काम झाले असे समजू नये. मन एका गोष्टीवरून दुसरीकडे उडी घेते तेव्हा मध्ये काहीतरी दुवा असतो: स्क्रूची चव धातूची, तशीच चव दात पडला तेव्हा तोंडात आली होती, दात आईने कागदात बांधून ठेवला, आई वस्तू फेकत नाही, मग हा स्क्रू. दुवे आधी कागदावर मांडावेत आणि मग त्यांतले निम्मे खोडावेत.

कथेत कथा सांगणारी रचना आपल्याला परकी नाही. महाभारताचे युद्ध संजय धृतराष्ट्राला सांगतो. तो सारा इतिहास वैशंपायन जनमेजयाला सांगतो. आणि तोही सौती नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगतो. यात शिकण्यासारखे खूप आहे, पण एक जागा मुद्दाम पाहावी. भीष्मपर्वात रणांगणावरून परतलेला संजय आधी भीष्म पडल्याचे सांगतो आणि त्यानंतर ते दिवस क्रमाने उलगडतो. काय झाले हे कळून चुकलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याचे सारे लक्ष कसे झाले याकडे लागते, आणि ऐकणारा आंधळा बाप असल्यामुळे प्रत्येक तपशिलाला वेगळे वजन येते. चौकट घालायची असेल तर श्रोता असा निवडावा, की ज्याला ही कथा ऐकण्याची गरज आहे किंवा भीती आहे. नुसत्याच कुतूहलाने ऐकणारा श्रोता चौकटीत बसवला तर चौकट काढून टाकावी.

एकाहून अधिक निवेदक घेण्याची उदाहरणेही मराठी वाचकाच्या घरातली आहेत. 1959 मधल्या 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. 1967 मधल्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर आणखी पाच जण बोलतात. जपानी लेखक अकुतागावा याच्या 1922 मधल्या एका कथेत एका मृत्यूबद्दल सात जबान्या आहेत आणि त्या एकमेकींशी जुळतच नाहीत. आपल्या सरावात दोन निवेदक पुरेत. दोन्ही खर्डे नाव झाकून एखाद्या मित्राला वाचायला द्यावेत. कोण बोलते आहे हे त्याला पहिल्या तीन ओळींत ओळखता आले नाही, तर दुसरा निवेदक अजून जन्माला आलेला नाही असे समजावे. आवाज वेगळा होतो तो लकबींमुळे कमी आणि त्या प्रसंगात त्या माणसाचे काय पणाला लागले आहे, यामुळे अधिक.

वाचताना काय करावे

लिहिण्याच्या जोडीला वाचनही याच अंगाने करावे. आवडत्या कथेचे एकच पान घ्यावे आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याच्या समासात ते कोणाला दिसते आहे ते लिहावे. मग त्यातला एक परिच्छेद हाताने उतरवून, पुरुष किंवा काळ बदलून पुन्हा लिहावा. बदलल्यावर जी वाक्ये मोडतात, ती मूळ लेखकाने निवेदकाच्या बळावर उभी केलेली असतात. जी जशीच्या तशी उभी राहतात, ती कोणीही लिहिली असती. आठवड्याला एक पान पुरते. यापेक्षा घाई केली तर सराव यांत्रिक होतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आपल्या प्रसंगाचे सात-आठ खर्डे जमले, की प्रत्येकाखाली एक ओळ लिहावी: या निवेदकाला जे सांगता आले आणि बाकी कोणालाच आले नसते, ते काय? ज्या खर्ड्याखाली लिहायला काहीच सुचत नाही तो बाजूला ठेवावा. अशी ओळ एखाद्या अनपेक्षित खर्ड्याखालीच सापडते, म्हणून ज्या पात्राकडे आपण सर्वांत कमी लक्ष दिले त्याच्या तोंडूनही एकदा लिहून पाहावे. आपल्या प्रसंगात ते पात्र म्हणजे आई:

"मी दारात थांबले, ती घर इतकं शांत का वाटतंय म्हणून. नीरज भिंतीकडे पाठ करून उभा होता, एक हात मागे. मी आत गेले, तोंड धुतलं, दिवा लावला. तो काहीतरी बोलेल म्हणून जरा वेळ थांबले. मग मीच आतून विचारलं, किती वाजले रे? माझ्या मनगटावर घड्याळ होतं."